डाव्या डोळ्याचा जर्दाळू

मास्तरांनी आयुष्यात कुठल्याच शाळेत एक तासही शिकवलेलं नव्हतं. शिकले तेही बेताचंच. पण रंगाच्या दुकानात चौतीस वर्षं उभा राहून जो माणूस गिऱ्हाइकाला, रंगाऱ्याला आणि प्रसंगी मालकालाही चार शब्द सुनावतो, त्याला लोक मास्तर म्हणणार नाहीत तर काय म्हणणार? त्यांचं काम रंग कालवायचं. पांढऱ्या रंगाचा डबा उघडायचा, स्टेनरच्या बाटलीतून कुठे चार थेंब लाल, कुठे चमचाभर पिवळा सोडायचा, लाकडी पट्टीनं घोटायचं, पुठ्ठ्यावर एक फराटा ओढून तो पंख्याखाली वाळवायचा आणि मान तिरकी करून बघायचं. "ओला रंग खोटं बोलतो," हे वाक्य ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत. गिऱ्हाईक मुकाट्यानं मान डोलवी, कारण त्या वेळी मास्तरांच्या हातात रंगानं निथळणारी पट्टी असे.

नमुना मागणं त्यांना फार कमीपणाचं वाटे. कोणी जुन्या भिंतीचा पोपडा कागदात बांधून आणला, तर ते पुडी न उघडताच परत करत. "नमुना नवशिक्याला लागतो. रंग कधी नेला होतात तेवढं सांगा, बाकीचं माझ्या डोक्यात आहे," असं ते म्हणत. आणि बरीच वर्षं ते खरंही होतं.

सहा वर्षांपूर्वी मालकांनी रंग कालवायचं मशीन आणलं. सोबत ते चालवणाऱ्या एक बाई आल्या, चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या आणि जास्त ऐकणाऱ्या. हजार रंगांचे हजार आकडे मशीनच्या पोटात होते. आकडा दाबला की डब्यात थेंब पडत, डबा गदागदा हलवला जाई आणि रंग तयार. मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. हळूहळू एकेक रंग त्यांच्या हातून गेला. आकाशी गेला, लिंबू गेला, बदामी गेला. राहिला तो एकटा जर्दाळू.

हा जर्दाळू म्हणजे मास्तरांची स्वतःची करणी. बावीस वर्षांपूर्वी कपडे शिवणाऱ्या एका बाईंनी दुकानात येऊन विचारलं होतं, "जर्दाळूचा रंग मिळेल का हो?" शेडकार्डावर तसला रंग नव्हता. पण 'नाही' म्हणतील तर ते मास्तर कसले? उद्या या, म्हणाले आणि संध्याकाळी सुक्या मेव्याच्या दुकानातून मूठभर जर्दाळू घेऊन घरी गेले. ताजं जर्दाळू त्यांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं. पुडीतनं निघाली ती तपकिरी, सुरकुतलेली फळं. ती बशीत ठेवून मास्तर तासभर बघत बसले.

"याच्यातलं पाणी गेलंय आणि ऊन आत शिरलंय," ते बायकोला म्हणाले. "पाणी परत घातलं आणि ऊन काढून घेतलं, तर काय होईल?"

"चिकट होईल," बायको म्हणाली. "आणि अहो, मोजून ठेवलीत का? एक कमी दिसतंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नुसत्या अंदाजावर जो रंग कालवला, तो बघून शिवणवाल्या बाई हरखून गेल्या. पिवळा, पण उन्हाला आलेला. वर लालसर झाक, तीही असून नसल्यासारखी. बाईंचं दुकान रंगलं, मग त्यांच्या शेजाऱ्यांचं घर, मग गल्लीच्या गल्ली. डब्यात वाटीभर उरला होता, तो मास्तरांनी घरी नेऊन स्वयंपाकघरातल्या कपाटाला आतून लावला. तेव्हापासून गावात तो रंग 'मास्तरांचा जर्दाळू' झाला.

मशीनला तो काही केल्या जमेना. बाईंनी तीनदा मास्तरांचा वाळलेला पुठ्ठा मशीनच्या डोळ्यासमोर धरला, तीनदा आकडा काढला. पण पुढचा डबा मास्तरांनी कालवला, की तो त्या आकड्याशी जुळायचाच नाही. मशीनच्या कंपनीचा माणूस येऊन मशीन उघडून, पुसून, परत बंद करून गेला. मालक वैतागून म्हणाले, "एवढे पैसे ओतले, आणि एक जर्दाळू जमत नाही या डबड्याला!" मास्तर त्या दिवशी दोन वेळचं जेवले. मशीन बिचारं बरोबर होतं. चुकत होते मास्तर, दर डब्याला थोडे थोडे. पण हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही, आणि ज्यांच्या डोळ्यांत आलं त्यांनी तोंड उघडलं नाही.

हे उघडकीला आणलं ते मास्तरांच्या मेहुणीनं. ती दूर थंड मुलखात राहायची. चार महिन्यांपूर्वीच मास्तरांनी घरच्या बैठकीला नवा रंग दिला होता, अर्थातच जर्दाळू. बहिणीचं रंगवलेलं घर बघायला ती आली, आणि येताना खोक्यात कागदाच्या कपट्यांत गुंडाळलेली बारा फळं घेऊन आली.

"भावोजी, ओळखा बघू काय ते!"

मास्तरांनी एक फळ हातात घेतलं. लव असलेलं, मऊ, तळहातात मावणारं. "कोवळा आंबा?"

"अहो, जर्दाळू! तुमचं जर्दाळू! ताजं!"

मास्तरांचा चेहरा असा फुलला, की बायको चहा ओतायची थांबली. ज्या फळाच्या नावावर बावीस वर्षं भाकरी खाल्ली ते आज पहिल्यांदा भेटत होतं. ते उठले, फळ बैठकीच्या भिंतीला टेकवून धरलं आणि दोघी बहिणींकडे वळून म्हणाले, "बघा! न बघता काढलेला रंग! हुबेहूब आहे की नाही?"

मेहुणी चहाच्या कपात बघू लागली. बायको मेहुणीकडे बघू लागली.

"बोला की!"

"भावोजी," मेहुणी जपून म्हणाली, "फळ पिवळं आहे. भिंत गुलाबी आहे."

"कसली गुलाबी?"

"चांगली गुलाबी. तान्ह्या मुलीच्या टोपड्यासारखी. अहो, नावातच आहे ना पिवळेपणा! पिवळाजर्द म्हणतो ना आपण? तोच तो जर्द. आमचा फळवाला सांगतो, जर्दाळू म्हणजे पिवळा आलुबुखार."

"तुमचा फळवाला रंग कालवतो का?" मास्तरांनी विचारलं आणि भिंतीकडे पाठ करून बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "फळ कच्चं आहे. चार दिवसांत येईल रंगावर."

मग चार दिवस त्यांनी त्या फळांवर पहारा केला. सकाळी कामावर जाताना एक फळ भिंतीला लावून बघत, आल्यावर परत बघत. त्यांच्या डोळ्यांना दोन्हीत काडीचाही फरक दिसत नव्हता, आणि खरी भीती त्याचीच होती. कारण गेली दोन-तीन वर्षं दिव्याभोवती कडी दिसत होती, वर्तमानपत्र हातभर लांब गेलं होतं आणि एकदा तर ते एक निळा आणि एक काळा मोजा घालून लग्नाला जाऊन आले होते. हे सगळं त्यांनी पद्धतशीर लपवलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. डोळ्यांवर जगणाऱ्या माणसानं डोळे गेले म्हणून सांगायचं कुणाला? मशीनवाल्या बाईंना?

चौथ्या दिवशी बायकोनं शेवटचं फळ उचललं, त्यांच्या दंडाला धरून त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि कपाटाचं दार उघडून फळ आतल्या जुन्या रंगाला टेकवलं.

"हा तुमचा पहिला डबा. फळ कुठे आहे ते शोधावं लागतंय, इतकं जुळतंय. अहो, तेव्हा तुम्हाला न बघता कळलं होतं. आता बघूनही कळत नाही. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं."

"उद्या माल येणार आहे."

"उद्या जायचं," बायको म्हणाली आणि फळ खाऊन टाकलं.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांत दिवा मारून बघितला. "दोन्हीकडे मोतीबिंदू. छान पिकलाय."

"तेवढंच काय ते पिकायचं राहिलं होतं," मास्तर पुटपुटले.

बाईंनी समजावून सांगितलं. डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं. सगळं जग पिवळ्या काचेतून दिसतं, पण इतकं हळूहळू, की माणसाला पत्ता लागत नाही. मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. डब्यात पिवळा कमी असला तरी डोळाच वरून पिवळा घालत होता. म्हणून दरवर्षी त्यांचा हात आखडता होत गेला, आणि जर्दाळू गुलाबी. आठवड्याभरानं उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डाव्याला महिन्यानंतरची तारीख मिळाली.

पट्टी सुटली आणि मास्तर हादरले. घरातला सायरंगी पडदा पांढराशुभ्र होता. आपला आवडता पांढरा शर्ट मात्र पिवळट होता. बायकोचे केस आपण समजत होतो तसे भुरकट नव्हते, स्वच्छ चांदीचे होते, आणि ते तिला शोभत होते. "तू कधी एवढी सुंदर झालीस?" त्यांनी विचारलं. बायको म्हणाली, "आधी तो मोजा बदला." पण दिवसभर ती गुणगुणत होती.

आणि बैठक! ती तर गुलाबी म्हणजे गुलाबीच होती.

आता मास्तरांना नवा नाद लागला. डावा डोळा मिटायचा, जग बघायचं. उजवा मिटायचा, तेच जग परत बघायचं. एकाच गल्लीत त्यांना दोन गल्ल्या दिसायच्या. एकेका घरासमोर उभे राहून ते डोळे मिचकावत. तिसऱ्या दिवशी गल्लीत बोभाटा झाला, की मास्तर या वयात येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना डोळा मारतात. शिवणवाल्या बाईंनी, आता सत्तरीला टेकलेल्या, बायकोला मुद्दाम निरोप धाडला, "मलाही मारला. पण मी मनावर घेतलं नाही, असं सांगा त्यांना."

डोळे मिचकावून मास्तरांना जे दिसलं त्यानं त्यांची झोप उडाली. गल्ली नव्हतीच ती, त्यांच्या मोतीबिंदूचं वेळापत्रक होतं. शिवणवाल्या बाईंचं दुकान अस्सल. पुढची सात-आठ घरं ठीक. मग हळूच गालावर लाली चढावी तशी घरं लाजायला लागत, आणि टोकाची, गेल्या दोन वर्षांतली, तर पार गुलाबी. बाजूबाजूची दोन घरं एकसारखी नव्हती. मास्तरांना शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. रविवारी घडीचा शर्ट घालून ते दारोदार माफी मागायला निघाले.

पण माफी मागणं वाटतं तितकं सोपं नसतं, समोरच्यालाही आपण चुकलो हे पटावं लागतं. पहिल्या घरातल्या सूनबाई म्हणाल्या, "चुकला? आमचा? छे हो, आमचाच खरा जर्दाळू. शेजाऱ्यांचा पिवळा पडलाय, त्यांच्याकडे जा." दुसऱ्या घरातले न्हावी म्हणाले, "तुम्ही फुकट दुसरा रंग देणार असाल तरी नको. या रंगात बायकोचा चेहरा तजेलदार दिसतो. ती रोज आरशात बघते आणि मला काही बोलत नाही." तिसऱ्या घरी त्यांना चहा मिळाला आणि एवढ्या मोठ्या माणसानं असं मनाला लावून घेऊ नये असा उपदेशही. मास्तर घरी आले ते माफी तशीच खिशात घेऊन.

सोमवारी दुकानात नर्सिंग होमची मागणी आली. बाळंतिणींच्या सगळ्या खोल्या, चाळीस लिटर जर्दाळू. मास्तरांनी उजव्या डोळ्यानं, मनापासून, पहिल्या दिवसासारखा रंग कालवला. फराटा बघून नर्सिंग होमच्या बाई म्हणाल्या, "हा नाही हो. हा फार पिवळा. बाळाला कावीळ झाल्यासारखं वाटेल. तुमचा तो न्हाव्याकडचा द्या."

मालकांनी मास्तरांना बाजूला घेतलं. "मास्तर, तुम्हाला म्हणून सांगतो, गेली दोन वर्षं जर्दाळू दुपटीनं खपतोय. हे लोक तोच मागतात."

"म्हणजे रंग बदललेला तुम्हाला माहीत होतं?"

"दिसत होतं."

"आणि बोलला नाहीत?"

"तुम्ही पट्टी उगारता," मालक म्हणाले. "आणि खपतंय तर कोण बोलेल?"

मास्तर डब्यापाशी गेले. खिशातला रुमाल काढून उजव्या डोळ्यावर बांधला, आणि उरल्या डाव्या डोळ्यानं दुसरा डबा कालवला. बाई खूश. "अगदी हाच!"

इथे मास्तर पेचात सापडले. खरा जर्दाळू दिसायला लागला तर तो कोणालाच नको होता. जो हवा होता तो फक्त मोतीबिंदूला दिसत होता. आणि डाव्या डोळ्याची तारीख पंधरा दिवसांवर आलेली. तो डोळा बरा झाला की दुकानात मास्तरांचं काय काम? बाकीचे हजार रंग मशीनचे. मास्तरांना हिशेब स्पष्ट दिसला, उघड्या डोळ्यानंही आणि मिटल्या डोळ्यानंही.

पहिली तारीख सर्दीमुळे पुढे गेली. दुसरी मालाच्या गाडीमुळे. तिसऱ्या वेळी मास्तरांनी बायकोला सांगितलं, की डॉक्टरीणबाईच गावाला गेल्यात. दरम्यान डावा डोळा आणखी मंदावला. मास्तर एकदा पायरी चुकले, एकदा दुकानात दुसऱ्याच माणसाला "मालक" म्हणून रजा मागून बसले, आणि एकदा चहाचा कप बशीऐवजी हवेत ठेवला.

डॉक्टरीणबाई बाजारात भाजी घेताना भेटल्या, तेव्हा बायकोला सगळा उलगडा झाला. ती तशीच पिशवीसकट दुकानात आली. मास्तर एका डोळ्यावर रुमाल बांधून डबा घोटत होते.

"हे काय?"

"काम चाललंय."

"चांगला डोळा बांधून?"

मास्तरांनी पट्टी खाली ठेवली. चौतीस वर्षांत त्यांनी दुकानात कधी आवाज खाली केला नव्हता, तो केला. "अगं, हा डोळा सुधारला की मी गेलो. मग मी इथे कशाला येऊ? घरी बसून काय करू? तुझी कपाटं रंगवू?"

बायकोनं पिशवी खाली ठेवली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्ही एकदम करायला दुकान ही काही जागा नव्हती.

"तुम्ही जिन्यावरून पडून हातपाय मोडून घेतलेत, तर मी त्या रंगाचं काय करू?" ती शेवटी म्हणाली. "मला नवरा दिसणारा हवा आहे. कामाचा नसला तरी चालेल." मग तिनं मशीनकडे बोट दाखवलं. "एवढा जीव अडकलाय रंगात, तर एकदाच नीट कालवा आणि द्या त्याच्या पोटात. ते काही म्हातारं होत नाही."

मास्तर मशीनकडे सहा वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून चालत गेले. पण त्याआधी त्यांनी दोन दिवस घेतले. चांगल्या डोळ्यावर रुमाल बांधून, थेंबाथेंबानं, आपल्या चुकीची इतकी काळजीपूर्वक नक्कल त्यांनी केली, की एवढी काळजी बरोबर रंगासाठीही कधी घेतली नव्हती. पुठ्ठा पंख्याखाली रात्रभर नव्हे, पुरते दोन दिवस वाळवला. मग तो मशीनवाल्या बाईंसमोर ठेवला.

मशीननं पुठ्ठा वाचला. बाईंनी आकडा मास्तरांना दाखवला आणि विचारलं, "नाव काय टाकू? जर्दाळू?"

"जर्दाळू म्हणू नका, ते फळ बघितलंय मी," मास्तर म्हणाले. "टाका, जर्दाळू, डावा डोळा."

बाईंनी तसंच टाकलं. त्या कमी बोलायच्या, पण त्या दिवशी म्हणाल्या, "मास्तर, एवढ्या रंगांत हा एकच मी विसरणार नाही." मास्तर मान वळवून उगाच बाटल्यांची झाकणं घट्ट करू लागले.

डावा डोळा मंगळवारी झाला. गुरुवारी काळा चष्मा लावून मास्तर दुकानात आले, आपला डबा, दोन पट्ट्या आणि स्टूल घरी न्यायला. बायको म्हणाली होती, मी येते बरोबर. ते नको म्हणाले होते. दहा वाजून गेले होते. मालक गल्ल्यावर होते. मशीनवाल्या बाईंच्या हातात नुकताच गदागदा हलून निघालेला डबा होता, आणि समोर कुठल्यातरी दुसऱ्या वस्तीतले एक तरुण गृहस्थ नव्या घरासाठी रंग न्यायला आले होते.

सवयीनं मास्तरांनी डब्याचं झाकण उचकटलं, चष्मा वर केला आणि दोन्ही डोळ्यांनी आत बघितलं. त्यांच्यानं राहवलं नाही.

"हा गुलाबी आहे हो."

"जर्दाळू आहे," गृहस्थ म्हणाले.

"जर्दाळू असा नसतो. जर्दाळू पिवळा असतो."

"काका," गृहस्थ समजूत घालत म्हणाले, "माझ्या बहिणीनं तुमच्याच दुकानातून नेला होता. मास्तरांचा जर्दाळू म्हणतात याला. ते मास्तर म्हणे फार मोठे जाणकार होते. तुम्ही नवीन आहात का इथे?"

मशीनवाल्या बाईंनी मालकांकडे बघितलं. मास्तरांनी डब्यात बघितलं, भिंतीवरच्या पांढऱ्याशुभ्र शेडकार्डाकडे बघितलं, रस्त्यावरून चाललेल्या एका निळ्या, खरोखरीच्या निळ्या सायकलीकडे बघितलं.

"हो," ते म्हणाले. "परवाच लागलो."

त्यांनी झाकण ठोकून बसवलं आणि डबा उचलून गृहस्थांच्या गाडीपर्यंत नेऊन दिला. परत आले तेव्हा मालक गल्ल्यातून मान वर न करता म्हणाले, "नवीन माणसानं नऊच्या आत यायचं असतं. आजचं चालवून घेतो, उद्यापासून लक्षात ठेवा."

मास्तरांनी स्टूल होतं तिथेच ठेवलं.